स्वल्पअण्णांची चिमूट

आधी खिशातून तपकिरीची पितळी डबी निघायची. तिच्यातली पांढरी चिमूट समोरच्या बाईच्या डोळ्यांत बघत जिभेवर ठेवली जायची, आणि मग ती जीभ चांगली लांब बाहेर काढून सगळ्यांना दाखवली जायची. मग जीभ आत, एक आवंढा, आणि तोंडभर हसू. "बघा की अक्का, मेलो का? स्वल्प टाकायची. स्वल्पच पुरे. सरी?"

ती पांढरी पावडर डीडीटी होती.

तुम्ही दचकला असाल तर बरंच आहे. मी दचकले नव्हते. मी पंधरा वर्षांची होते आणि मला ती मोठी गंमत वाटायची. घरी येऊन आरशासमोर मी मीठ जिभेवर ठेवून त्यांची नक्कल करायचे आणि आईचा धपाटा खायचे. धपाटा मीठ सांडल्याबद्दल असायचा, बरं का. विष खाण्याची नक्कल करते म्हणून नव्हे. ते विष आहे हे आमच्या डोक्यात कुठे होतं?

ही गोष्ट पन्नास सालानंतरची, बेंगळूरची. बळेपेठेच्या एका गल्लीत आमचं वठार होतं. एक अंगण, एक विहीर, आठ बिऱ्हाडं, आणि कोणाच्या चुलीवर काय शिजतंय याची सातांना खबर. निम्मी बिऱ्हाडं आमच्यासारखी, पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून मराठीत कन्नड कालवणारी, उरलेली कन्नड. हे डबीवाले गृहस्थ बेळगावकडचे. सरकारच्या मलेरिया खात्यात फवारणीच्या टोळीवर मुकादम होते आणि कोपऱ्यातल्या खोलीत बायकोसह राहायचे. त्यांचं खरं नाव दारावर लिहिलेलं होतं, पण ते कोणी वाचत नसे. त्यांच्या तोंडी सारखं कन्नड 'स्वल्प', म्हणजे थोडं, आणि 'सरी', म्हणजे बरं; म्हणून आम्ही सगळे त्यांना स्वल्पअण्णा म्हणायचो. तोंडावर नुसतं अण्णा.

त्यांची टोळी आली की आधी वास यायचा, ओल्या खडूसारखा आणि औषधासारखा. चार माणसं, तोंडाला फडकी, हातात पंप, बादलीत ढवळलेलं दुधाळ पाणी. भिंतींवर पांढरे ओघळ उठायचे आणि दाराच्या चौकटीवर तारीख लिहिली जायची. बायका ओसरीपर्यंत येऊ द्यायच्या. माजघराशी मात्र वाट अडवून उभ्या राहायच्या. स्वयंपाकघरात नको, देवापाशी तर नकोच नको. वरिष्ठ त्यांना दरडावायचे. अण्णा दरडावत नसत. ते डबी काढायचे.

जीभ आत गेली की दार उघडलंच म्हणून समजा.

आणि माणूस इतका प्रेमळ की काय सांगू! त्यांना मूलबाळ नव्हतं. आमचा बाळू, माझा धाकटा भाऊ, जेमतेम अडीच वर्षांचा, तो त्यांच्या खांद्यावरच वाढला म्हटलं तरी चालेल. कामावरून आले की आधी अंगणात गरम पाण्याने खसखसून अंघोळ, मग धुतलेला सदरा, आणि मगच बाळूला हात. काकू, म्हणजे त्यांची बायको, विसाण घेऊन उभ्याच असायच्या. "अंगाला तेल लावून कामावर यायचं नाही, असं आमच्या साहेबांनी शिकवलंय," ते सांगायचे. "तेलातुपाबरोबर ही बया कातडीतून आत शिरते म्हणे." असं म्हणून ते हसायचे. शिकवलेलं एका कप्प्यात आणि डबी दुसऱ्या कप्प्यात, असं त्यांच्या डोक्यात होतं. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असे कप्पे असतात, म्हणून मी त्यांना फार हसत नाही.

टोळीच्या पोत्यांच्या तळाशी उरलेली पावडर ते घरी आणायचे. विकायला नव्हे. छे! कोणी चार आणे पुढे केले तर कानाला हात लावायचे. ज्याच्या घरी ढेकूण त्याला डबाभर, ज्याच्या घरी झुरळं त्याला डबाभर. वठार झालं, मग गल्ली झाली, मग पलीकडची गल्ली. बायका त्या बदल्यात वाटीतून काहीतरी द्यायच्या. कोणी चिरोटे, कोणी कोसंबरी, कोणी लसणीची चटणी. कुठल्या घरी डबा दिला याची यादी त्यांच्यापाशी नव्हती, पण कुठल्या घरी काय खाल्लं ते पाठ होतं.

त्या डब्यांचं आम्ही काय काय केलं, ते आज सांगूनच टाकते. तांदळाच्या पोत्यात पोरकिडे होऊ नयेत म्हणून आई मूठभर पावडर टाकायची आणि मग तांदूळ दोनदा धुवायची. दोनदा धुतले की झालं! माझ्या वेणीत उवा झाल्या तेव्हा तिने केसांत पावडर चोळून वर फडकं बांधलं होतं, आणि मी रात्रभर त्या फडक्यात झोपले होते. समोरच्या बिऱ्हाडात गाद्यांखाली होती. मागल्या बिऱ्हाडात डाळीच्या फळीवर होती. पापडाच्या डब्याखाली, देव्हाऱ्याच्या मागे, पाळण्यात. पाळण्यात, अहो! आणि सगळीकडे बिस्किटांच्या, तुपाच्या, चहाच्या रिकाम्या डब्यांत. आमच्याकडे कुठलाही डबा फेकायचा नाही, धुऊन वापरायचा, ही रीत होती. त्यामुळे डब्यावर चित्र बिस्किटाचं आणि आत हे.

आमच्याकडचा डबा फळीवर होता. शेजारी रांगोळीचा डबा.

त्या वर्षी भाद्रपदात गौरी आल्या. आदल्या वर्षीच्या गौरीजेवणात मुंग्यांनी आमची पार शोभा केली होती. पंगत जमिनीवर, केळीची पानं, पुरणपोळीवर तूप, आणि मुंग्या भिंतीतून रांग धरून निघाल्या त्या थेट अप्पांच्या हेडक्लार्कच्या पानात. अप्पा म्हणजे माझे वडील. त्यानंतर वर्षभर ते मुंगी दिसली की माझ्याकडे बघायचे, कारण पंगतीची रांगोळी आणि जागा पुसणं हे माझं काम होतं. मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं की पुढच्या वर्षी एक मुंगी पानाजवळ फिरकू द्यायची नाही.

आमच्यात सणाच्या जेवणाला प्रत्येक पानाभोवती रांगोळीची महिरप काढतात. मी परात घेतली. रांगोळी ओतली. तिच्यात फळीवरची पावडर ओतली आणि दोन्ही हातांनी कालवली. रंगाला रंग मिळाला. कोणाला कळण्यासारखं नव्हतं आणि कोणाला सांगावं असं माझ्या मनातही आलं नाही. नऊ पानं मांडली होती. नऊ पानांभोवती मी वेलबुट्टीची महिरप काढली. आईने येऊन बघितली आणि म्हणाली, "हात वळला गं तुझा." मी फुलून गेले.

पहिली पंगत पुरुषांची आणि पोरांची. अण्णा आमच्याकडे पाहुणे होते, शेवटून दुसऱ्या पानावर. शेवटचं पान बाळूचं, कारण तो अण्णांशेजारीच जेवणार म्हणून अडून बसला होता. पुरुषांनी पानाभोवती पाणी फिरवलं, उजव्या हाताला, महिरपीवरच, भाताच्या शितांच्या चित्राहुती ठेवल्या, तुपाची धार पडली, जेवणं सुरू झाली. आमची मांजर मनी नेहमीसारखी मागून येऊन त्या चित्राहुती उचलू लागली. हेडक्लार्क म्हणाले, "यंदा मुंग्या नाहीत हं!" अप्पांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. ती मान डोलावणं मला अजून दिसतं.

अण्णाही हसत होते. भिंतीकडून एक रांग आली होती खरी, पण महिरपीपाशी येऊन फाटत होती. "काय शिस्त!" ते म्हणाले आणि बघायला जरा खाली वाकले. वाकले ते तसेच राहिले. रेषेवर तीन-चार मुंग्या उताण्या पडून पाय झाडत होत्या. तसे झाडलेले पाय त्यांनी फवारलेल्या भिंतींखाली अनेक वर्षं पाहिले होते. त्यांनी रांगोळी दोन बोटांत धरून चोळली, वास घेतला, आणि मान वळवून बाळूकडे पाहिलं.

बाळू तुपाने माखलेलं बोट महिरपीवर फिरवत होता आणि ते चोखत होता. अर्धी वेल त्याने पुसून टाकली होती.

मग जे झालं त्याने आमचं घर जागच्या जागी थिजलं. सणाच्या दिवशी, गौरींसमोर, भरल्या पानावरून तो माणूस उभा राहिला. उष्ट्या हाताने त्याने बाळूला उचललं, पालथा धरला आणि त्याच्या घशात बोटं घातली. बाळू किंचाळला. आई वाढता वाढता तिथेच थांबली. अप्पा ओरडले, "अहो, काय चालवलंय हे!" डाव्या पायाने अण्णांनी बाळूचं पान उडवलं, मग आपलं, मग शेजारचं. पुरणपोळी भिंतीला जाऊन लागली. ज्यांचा आवाज कधी अंगणापलीकडे गेला नव्हता ते स्वल्पअण्णा गरजले, "कोणी घास गिळू नका! उठा! सगळे उठा!"

हेडक्लार्कना वाटलं, माणूस वेडा झाला. मलाही तेच वाटलं. माझ्या महिरपीचा चिखल झाला होता आणि मला आधी त्याचं रडू आलं, हे कबूल करते.

बाळू ओकला. पुन्हा ओकला. अण्णांनी तोंड वर केलं. "रांगोळी कोणी काढली?"

"मी," मी म्हणाले.

"कशाची?"

"रांगोळीच. मुंग्यांसाठी तिच्यात... तुमची पावडर." सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मग मी ते बोलले जे मला जन्मभर पुरलं. "स्वल्पच घातली, अण्णा."

त्यांचा चेहरा एकदम राखेसारखा झाला. पण माझ्याकडे ते क्षणभरच बघत राहिले. बाळूला छातीशी धरून अनवाणी गल्लीतून धावत सुटले, अप्पा मागे, आणि कोपऱ्यावरच्या टांग्यात बसून दवाखान्यात गेले. जाताना दारातून ओरडले, "पानं गाईला घालू नका! खड्ड्यात पुरा!"

मोठ्या माणसांचं काही बिघडलं नाही. रांगोळी त्यांच्या पानाबाहेर राहिली होती. संध्याकाळपर्यंत बाळूचे ओठ थरथरू लागले, मग हात, मग सबंध अंग. आई दवाखान्यातच राहिली. मी घरी होते, मनीबरोबर. मनी कोनाड्याखाली बसून कापत होती. भांडं वाजलं की ताडकन उडायची आणि आणखी कापायची. मी भांडी वाजू नयेत म्हणून घासलीच नाहीत. सकाळी ती तिथेच आडवी होती, पाय ताठ, डोळे उघडे. काकूंनी तिला फडक्यात गुंडाळून नेलं. बाळूचंही असंच होणार, असं मला वाटत होतं, आणि ते मी कोणाला बोलून दाखवू शकत नव्हते.

चौथ्या दिवशी बाळू घरी आला. हडकलेला, चिडका, पण आला. माझ्यावर कोणी हात उगारला नाही. त्यापेक्षा चार तडाखे परवडले असते.

त्याच दुपारी अण्णा काकूंना घेऊन दारात उभे राहिले. हातात दोन रिकामी पोती. "अक्का, आधी तुमचा डबा द्या," ते आईला म्हणाले. आईने फडक्यात धरून तो बाहेर ठेवला. तांदळाचं अर्धं पोतंही ओढत आणलं. मग ते मला म्हणाले, "पोरी, येतेस? काय झालं ते तू सांग. माझं कोणी ऐकायचं नाही."

त्यांचं खरं होतं. पहिल्याच घरी मी सगळं सांगितलं, मनीचं सांगितलं, आणि ती बाई ऐकून हसली. "अय्यो अण्णा! सणाचं तुपकट खाणं, पोराला बाधलं असेल. तुम्ही स्वतः आमच्या डोळ्यांदेखत खाल्लीत की. तुम्हाला काय झालं?"

"मला नाही झालं, पण..."

"मग! डबा नाही देणार. किती दिवसांनी ढेकणांवाचून झोपतोय आम्ही."

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तर एका आजोबांनी अण्णांचीच जीभ काढायची नक्कल करून दाखवली. अण्णा हात जोडत होते, समजावत होते, साहेबांनी काय शिकवलं ते सांगत होते; आणि प्रत्येक उंबऱ्यावर त्यांचीच जीभ त्यांच्या आड येत होती. वर्षानुवर्षं जमवलेला विश्वास तो, एका दुपारी कसा मोडायचा? कुठल्या घरी डबा दिला ते आठवायला ते पुटपुटत होते, "चिरोटे... हे झालं. आता गुळाची पोळी." एरवी मी हसले असते.

चौथं घर गुळाच्या पोळीचं. तिथल्या बाईचं लेकरू दोन महिन्यांचं होतं. ती बोलता बोलता पाळणा हलवत होती आणि पाळण्यातल्या दुपट्याच्या कडेला पांढरा थर दिसत होता. अण्णा जरा पुढे सरकले. पाळण्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातली डबी काढून तिच्या पुढे धरली.

"अक्का, ऐका. मी ती पावडर कधीच खाल्ली नाही. या डबीत तांदळाची पिठी असायची."

पाळणा थांबला.

"फसवलं मी तुम्हाला. दार उघडावं म्हणून. पावडर विषच आहे. मला ठाऊक होतं, म्हणून तर मी पिठी खाल्ली. आता तरी द्या."

मी काकूंकडे बघितलं. त्या जमिनीकडे बघत होत्या, ओठ घट्ट मिटून. लाजेने असणार, मला वाटलं. पिठी! मी आरशासमोर ज्यांची नक्कल केली, आईने ज्यांच्या भरवशावर माझे केस माखले, ते पिठी खात होते आणि आम्हाला विष वाटत होते!

त्या बाईने मूल पाळण्यातून उचललं, दुपटं चुरगळून अंगणात भिरकावलं आणि डबा आणला. तो तिने त्यांच्या हातात दिला नाही. पायरीवर ठेवला. "आमच्या घरी जेवलात की हो तुम्ही," एवढंच म्हणाली.

त्यानंतर डबे भराभर आले. बातमी आमच्या पुढे धावत होती. आम्ही पोचायच्या आत बायका डबा उंबऱ्याबाहेर ठेवून दार लावून घेत होत्या. पहिल्या तीन घरीही आम्ही परत गेलो. कोणी शिव्या दिल्या. एकीने रिकामी वाटी त्यांच्या अंगावर फेकली. ते प्रत्येक घरी तेच वाक्य म्हणत होते, त्याच आवाजात. डबा पोत्यात घालायचे आणि त्या जागी काकूंच्या पिशवीतली कडुलिंबाची डहाळी ठेवायचे. "तांदळात हा पाला घाला. कडधान्याला राख. कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या. गाद्या उन्हात टाका. मेहनत आहे, पण चालतं." कोणी ऐकत नव्हतं. परत येताना ती डहाळी गल्लीत पडलेली दिसायची. एका बाईने चिडून पावडर गटारात ओतायला डबा उचलला तेव्हा मात्र त्यांनी झेप घालून तिचा हात धरला. "तिथून ते तळ्यात जातं, अक्का. तळ्यातून माशांत."

संध्याकाळ व्हायच्या आत दोन्ही पोती भरली. वठाराच्या दाराशी ते थांबले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "दमलीस?"

मी माझं पंधरा वर्षांचं सगळं बळ एकवटून म्हणाले, "खोटारडे आहात तुम्ही."

काकूंनी मान झटकन वर केली. अण्णांनी त्यांच्या दंडाला हात लावला.

"सरी, पोरी," ते म्हणाले. "सरी."

पोती त्यांनी खात्यात नेऊन दिली आणि उरलेली पावडर आपणच घरोघर वाटत होतो हेही साहेबांना सांगितलं. मुकादमी गेली. देवनहळ्ळीकडे साध्या फवारणीवाल्याची जागा मिळाली. सामान बैलगाडीत चढलं तेव्हा वठारातलं एकही दार उघडं नव्हतं. आमचंही नव्हतं. बाळू आत रडत होता, "अण्णा, अण्णा," म्हणून, आणि मी त्याच्या तोंडावर हात धरला होता. मला माझा संताप फार खरा वाटत होता. आज वाटतं, तो संताप होता म्हणून मी स्वतःकडे बघायचं टाळू शकले.

त्यानंतर मी रांगोळी काढली नाही. लग्नात नाही, सासरी नाही. हात कापतो, असं सांगायचे. माझ्या स्वयंपाकघरात मात्र चित्र एकाचं आणि माल दुसऱ्याचा, असा एकही डबा कधी राहिला नाही. नवरा चेष्टा करतो, की ही मिठाचीही साक्ष काढते.

साठ साल उलटून बरीच वर्षं झाली होती. मी शाळेत शिकवत होते. देवनहळ्ळीला शाळेच्या कामासाठी गेले होते आणि किल्ल्याजवळच्या आळीतून परत बसकडे निघाले होते, तर एका घराच्या पायरीवर काकू. पांढरे केस, कपाळ मोकळं. मी ओळखलं आणि मान खाली घातली. त्यांनीच हाक मारली. "बाळू कसा आहे गं?"

बाळू इंजिनियरिंगला होता. ते ऐकून त्यांनी डोळे पुसले आणि मला आत नेलं. एकच खोली. कपाटाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. तांदळाच्या डब्यावर कडुलिंबाचा सुकलेला पाला. कोनाड्यात ती पितळी डबी.

"दोन वर्षं झाली त्यांना जाऊन," त्या म्हणाल्या. "शेवटी शेवटी हात फार कापायचे. पेलासुद्धा धरवत नव्हता. कशाने, ते डॉक्टरला सांगता आलं नाही."

मी डबीकडे बघत होते. मनात नसताना तोंडातून गेलं, "अजून पिठी आहे तिच्यात?"

काकूंनी डबी उतरवून पदराने पुसली. मग म्हणाल्या, "पिठी कधी नव्हतीच गं तिच्यात."

मला कळेना.

"मी रोज बघत होते ना. पोत्यातून डबीत भरायचे. मी भांडायचे, की पिठी घ्या, कोणाला कळतंय? तर म्हणायचे, ज्यांच्या घरात ही ठेवायला सांगतो त्यांच्यासमोर मी पीठ कसं खाऊ? प्रत्येक वेळी खरीच खाल्ली त्यांनी. त्या दिवशी पाळणा बघितला आणि खोटं बोलले. घरी आल्यावर म्हणाले, मी खरा राहिलो असतो तर डबे मिळाले नसते. खोटा ठरलो, एका दुपारी मिळाले."

"तुम्ही का नाही सांगितलंत?"

"शपथ घातली होती. आता कोणाची शपथ पाळू?"

मी तिथेच जमिनीवर बसले. इतकी वर्षं त्या माणसाची गोष्ट मी शाळेत, माहेरी, सासरी लबाडीचा नमुना म्हणून सांगत आले होते. मी! परात कालवणारी मी!

"काकू," मी म्हणाले, "त्या दिवशी मी स्वल्प म्हणाले. स्वल्प नव्हती. निम्मी घातली होती मी. निम्मी!"

"त्यांना ठाऊक होतं. बोटांत चोळून बघितली होती ना. दवाखान्यात त्यांनी निम्मीच सांगितली, म्हणून तर डॉक्टरने बाळूला तीन दिवस ठेवून घेतलं." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुझ्याबद्दल एवढंच म्हणाले, की ते पोर घाबरून बोललं, कोणाला सांगू नकोस."

मी रडले. मला आवाज आवरता आला नाही. अंगणात ऊन उतरत होतं. जरा वेळाने काकू उठल्या, फळीवरून तांदळाच्या पिठीची वाटी घेऊन आल्या आणि माझ्यासमोर ठेवली. "दिवेलागण होईल आता. माझे गुडघे वाकत नाहीत. उंबऱ्याशी दोन रेघा ओढशील? त्यांचा नेम होता, दारात पिठाचीच रांगोळी. सकाळपर्यंत मुंग्या सगळी खाऊन टाकतात. ते बसून बघायचे."

उंबऱ्यापाशी कालच्या रांगोळीची नुसती खूण उरली होती. भिंतीच्या कडेने मुंग्यांची रांग चालली होती, सावकाश, कोणी न अडवलेली.

मी वाटी हातात घेतली. चिमूट उचलली. ती जमिनीवर सोडायच्या आधी मी ती जिभेवर ठेवली आणि जीभ लांब बाहेर काढून काकूंना दाखवली.